मधल्या बोटीचे निरोप

६ ऑक्टोबर

आजपासून वायरलेसच्या खोलीत मी बसते आहे. खुर्ची ह्यांची. तिची वेताची बैठक मधोमध खचली आहे, तीही नेमकी ह्यांच्या मापाने, त्यामुळे दिवसभर दुसऱ्याच्या चपला घालून फिरल्यासारखं वाटत राहिलं. उद्या घरून उशी नेणार.

ह्यांचे कान गेले. एक उन्हाळ्यात गेला, दुसरा परवाच्या तापात. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर कानाला ती डबडी लावून बसल्यावर दुसरं काय होणार. बोटमालकांच्या संस्थेने नवीन माणूस शोधला, पण बर्फाच्या गोदामावरच्या या खुराड्यात दिवसभर एकट्याने बसायला कुणी तयार होईना. शेवटी संस्थेचे चिटणीस घरी येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्हीच बसा. तुम्हाला काय शिकवायचंय?" खरंच आहे. ह्यांचा डबा घेऊन इतकी वर्षं या जिन्याने चढते आहे की भिंतीवरच्या पालीसुद्धा मला ओळखतात.

तरी ह्यांनी समोर बसवून धडा दिलाच. ऐकू येत नसल्यामुळे हल्ली हे सभेत भाषण केल्यासारखे बोलतात, म्हणजे धडा अख्ख्या गल्लीने घेतला. लांब जाणाऱ्या बोटींचे सेट लहान असतात, त्यांचा आवाज किनाऱ्यापर्यंत पोचत नाही. मध्ये एक मोठी बोट थांबते, लांबच्यांना बर्फ आणि डिझेल देणारी. तिला सगळे मधली म्हणतात. लांबचा जे बोलतो ते मधली ऐकते आणि मला सांगते. मी ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचं आणि शेवटी 'मिळालं' म्हणायचं. मी 'मिळालं' म्हणेपर्यंत मधलीवरच्या माणसाने सेटसमोरून उठायचं नाही. कुणी संकटात असेल तर टेबलावरचा फोन उचलून धक्क्यावरच्या बचाव लाँचला कळवायचं. लाँचला समुद्रावरची हाक पोचते ती फक्त या फोनवरून.

"आपण नळ आहोत," हे ओरडले. "वरून आलेलं खाली सोडायचं. नळाने चव बघायची नाही."

ह्यांना ऐकू येत नाही आणि सून ऐकून घेत नाही, म्हणून ही वही.

८ ऑक्टोबर

मधलीवर माझा धाकटा भाऊ आहे आणि सगळ्यांत लांब जाणाऱ्या बोटीचा कप्तान माझा मुलगा. त्या बोटीचं नावही लांबची असंच पडलंय. म्हणजे भाचा मामाला सांगणार, मामा मला सांगणार. घरचाच कारभार.

धाकटा सेटवर 'किनारा' म्हणायच्या ऐवजी मला 'ताई' म्हणतो. म्हटलं, हे काम आहे, नीट 'किनारा' म्हणून हाक मार. तर म्हणतो, "बरं ताई." लांबच्यांशी तो सेटच्या दुसऱ्या पट्टीवर बोलतो, ते मला ऐकू येत नाही. मला ऐकू येतो तो फक्त धाकटा. त्यामुळे मुलाचं बोलणं मला मामाच्या आवाजात ऐकावं लागतं. काल निरोप आला, "आईला सांगा, डब्यातली भाजी खारट होती." तेही मी शब्दाला शब्द परत म्हटलं आणि 'मिळालं' म्हणाले. नियम म्हणजे नियम.

सून खाली बर्फाच्या गोदामात वजनकाट्यावर असते. तिला वरून ओरडून सांगितलं, भाजी तुझ्या हातची होती बरं का.

१५ ऑक्टोबर

हसं झालं. सगळ्या धक्क्यावर माझं हसं झालं.

काल दुपारी धाकट्याने सांगितलं, "लांबचीचं इंजिन बंद पडलंय. वाहत चाललीय." एवढंच. पण मी 'वाहत चाललीय' एवढंच ऐकलं. निरोप परत म्हणायचंही भान राहिलं नाही. फोन उचलला आणि लाँचवाल्या साहेबांना काय काय सांगितलं देव जाणे. बोट बुडाली असंही म्हणाले म्हणे. साहेब भर जेवणावरून उठले, लाँच काढली, धडाधड लाटा खात तिथवर गेले, तर आमचे चिरंजीव इंजिन दुरुस्त करून खलाशांबरोबर चहा पीत बसलेले. डिझेलच्या नळीत कचरा अडकला होता, एवढंच.

साहेब परत आल्यावर जिना चढून वर आले. ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर परवडलं असतं. म्हणाले, "वहिनी, लाँच म्हणजे टॅक्सी नाही. यापुढे समुद्रावरून 'बुडतोय' हा शब्द आला तरच मला फोन करा. तुमच्या मनातून आला तर नको."

घरी येऊन रडले. हे म्हणाले, "काय झालं?" मी काही सांगितलं नाही, पण ह्यांना सगळं आधीच कळलं होतं. बहिऱ्याला बातमी आधी पोचते.

१७ ऑक्टोबर

मुलगा आला. आल्या आल्या भांडण. "आई, तू सेटवर बसलीयस की माझ्या मानगुटीवर? लाँच आली तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या बोटी बघत होत्या. मी काय पाळण्यातला आहे?" मी म्हटलं, आईचं काळीज आहे. तर म्हणतो, "काळीज घरी ठेवून जात जा."

सून मध्ये पडली नाही. ताटं मांडत होती, पण ओठ दाबून हसत होती हे मी पाहिलं.

जेवण झाल्यावर तो धक्क्यावर गेला. थोड्या वेळाने मीही खोलीत गेले, उशी विसरली होती. खिडकीतून बघते तर मामा-भाचे दोरांच्या वेटोळ्यावर बसून बोलत होते. बराच वेळ. मुलगा हातवारे करून काहीतरी पटवत होता आणि धाकटा आधी नाही नाही म्हणत होता, मग मान डोलावायला लागला. मी खिडकीत दिसल्यावर दोघं गप्प झाले आणि माझ्याकडे बघून हसले. मला बरं वाटलं. वर्षभरापूर्वी या दोघांचं एका जाळ्यावरून वाजलं होतं आणि बोलणं बंद होतं. रक्ताचं नातं शेवटी रक्ताचं.

२ नोव्हेंबर

मध्ये लिहायला झालं नाही, कारण लिहिण्यासारखं घडलंच नाही. समुद्र शहाण्यासारखा वागतोय. धाकट्याचे निरोप ऐकावेत असे: "लांबची ठीक. मासळी बरी. सगळे जेवले." मी परत म्हणते, "मिळालं" म्हणते, संपलं. पहिल्या आठवड्यात किती बिघाड, किती कुरबुरी. हा दोर तुटला, तो खलाशी ओकतोय. आता काही नाही. खरं सांगायचं तर मीच बदलले आहे. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिते असं नाही, मला या कामाचा सरावच झालाय. काल चिटणीसही म्हणाले, "वहिनी, आता तुमचा हात बसला."

हे मात्र काल रात्री जेवताना म्हणाले, "दोन आठवडे झाले, एकही बिघाड नाही? बोटी आहेत की दुकानातली खेळणी?"

मी पाटीवर लिहून दिलं, 'तुमच्या वेळी होते, माझ्या वेळी नाहीत.' ह्यांनी वाचून पाटी पालथी ठेवली. आपली खुर्ची बायकोने घेतली हे पुरुषाला पचायला जड जातं. मी समजू शकते.

११ नोव्हेंबर

मुलगा घरी आला तो डाव्या हाताला मनगटापासून पट्टी. म्हणाला, मासळीची पेटी पडली. केव्हा? तर चार दिवस झाले. मी म्हटलं, मला कसं कळलं नाही? तो म्हणाला, "अगं, एवढ्यातेवढ्यासाठी सेट कुणी अडवायचा?" बरोबर आहे त्याचं.

सुनेने पट्टी सोडवून पाहिली. टाके पडायला हवे होते, म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आई, मामांनी तुम्हाला खरंच काही सांगितलं नव्हतं?"

मला तिचा सूर आवडला नाही. "नाही," म्हटलं, "आणि सांगितलं असतं तर मी तुला सांगितलं असतं."

हे अगदीच खरं नाही. परवा वारा वाढल्याचा निरोप आला होता, तो मी तिला सांगितला नव्हता. आधीच ती रात्रीची नीट झोपत नाही. कशाला उगाच जिवाला घोर. मोठ्या माणसाने थोडं आपल्या पोटात ठेवायचं असतं.

२३ नोव्हेंबर

एक गोष्ट लक्षात आली. मी काही विचारलं की मधली हल्ली लगेच उत्तर देत नाही. पूर्वी धाकटा भराभर बोलायचा, अर्धं वाक्य तोंडात अर्धं बाहेर. आता मध्येच शांतता पडते, मग तो सावकाश, धड्यातलं वाचल्यासारखा बोलतो. विचारलं तर म्हणाला, "सेट जुना झालाय ताई." चिटणीसांना सांगून ठेवलं. ते म्हणाले, बघू.

५ डिसेंबर

सकाळपासून वारा उलटा आहे. खिडकीची काच थरथरते म्हणून फटीत कागदाची घडी घातली. जवळच्या बोटी निघाल्याच नाहीत. लांब फक्त आमचीच आहे, कालच गेलेली. सकाळचा निरोप: "लांबची ठीक."

दुपार. आत्ता धाकट्याचा निरोप आला, तो इथेच लिहिते, कारण मला माझं कौतुक करायचंय. म्हणाला, "ताई, लांबचीत थोडं पाणी आलंय. पंप चालू आहे. काळजीचं कारण नाही." पूर्वीची मी असते तर जिन्यावरून गडगडतच लाँचपाशी पोचले असते. आज शांतपणे शब्दाला शब्द परत म्हटलं. घाबरले होते, खोटं का बोलू. पण आवाज हलू दिला नाही. 'मिळालं' म्हणण्याआधी फक्त विचारलं, "लाँचला कळवू का?"

तीच ती शांतता. मग म्हणाला, "कशाला, ताई? मी इथून जवळ आहे. मीच जाऊन येतो."

"बरं," म्हटलं, "भाच्याला सांग, पंप नीट बघून ठेवत जा, आईला भाजीत मीठ किती ते बरं सांगतोस." तो हसला नाही. "मिळालं," म्हणाले मी. तो निघाला.

त्यानंतर लाँचवाले साहेब खिडकीखालून जात होते. वर बघून म्हणाले, "काय वहिनी, आहे का काही?" मी म्हटलं, "काही नाही. आज तुम्हाला आराम." त्यांनी हात हलवला. त्यांच्या मनात माझ्याविषयीचं मत बदललं असावं असं वाटलं.

दिवस कलला. मधली बोलत नाही. पोचली असेल, दोर बांधण्यात गुंतले असतील. सुनेने खालून विचारलं, काही कळलं का. म्हटलं, सगळं ठीक आहे.

६ डिसेंबर

ठीक नाही. काही ठीक नाही. काल अंधार पडता पडता धाकट्याचा आवाज आला. "ताई, लाँच पाठव. बोट दिसत नाही. नुसती पिंपं दिसताहेत. ताई, बुडाली." मी शब्दाला शब्द परत म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही.

९ डिसेंबर

खलाशी सापडले. सगळे. डिझेलची रिकामी पिंपं दोराने एकत्र बांधून त्यांना लटकले होते. मुलगा सापडला नाही. लाँच तीन दिवस फिरली. आज थांबली.

एक खलाशी दवाखान्यातून भेटायला आला. त्याच्या ओठांना मिठाने भेगा पडल्या आहेत, नीट बोलता येत नाही. तो म्हणाला, पिंपं त्यांनी दुपारीच बांधून ठेवली होती. सगळे म्हणत होते, आताच उतरू, बोट एका अंगावर झुकायच्या आत. कप्तान म्हणाले, घाई करू नका, लाँच निघालीय, बोटीवर असलो तर तिला लांबून दिसू. म्हणून थांबले. मग बोट एकदम झुकली. कप्तान आत सेटपाशी होते.

लाँच तेव्हा धक्क्यालाच होती. साहेब माझ्या खिडकीखालून फिरत होते. मुलगा असं का म्हणाला असेल ते कळत नाही. पोरांना धीर द्यायला म्हणाला असेल. त्याचा स्वभावच तसा होता.

'होता' लिहिलं. हात झडला पाहिजे माझा.

सून रडत नाही. ती फक्त एकदाच बोलली. "आई, तुम्ही म्हणालात सगळं ठीक आहे."

११ डिसेंबर

धाकटा घरी आला नाही. मधली धक्क्याला बांधली आहे, तिच्यावरच बसून असतो. जेवण पाठवलं तर परत आलं. त्याचंही दुःख मोठं आहे, भाच्याला त्याने खांद्यावर खेळवला होता. त्याची बोट आधीच संथ, त्यात उलटा वारा, तो तरी काय करणार. मला त्याची काळजी वाटते.

चिटणीस आले होते. बंदर खात्याचे साहेब चौदा तारखेला चौकशीला येणार आहेत. ते मला विचारणार, तुमच्याकडे निरोप काय आला आणि लाँचला का कळवलं नाही. चिटणीसांनी चहाला हातही लावला नाही. म्हणाले, "वहिनी, सेट जुना होता, नीट ऐकू आलं नाही, असं म्हणा. तुम्ही सुटाल, तुमचा भाऊ सुटेल, संस्थाही सुटेल. गेलेला माणूस काही परत येत नाही." जाताना दारात थांबून म्हणाले, "शेवटी आपलेच दात आणि आपलेच ओठ."

असं म्हटलं तर कुणाचं काय बिघडणार आहे, असं मलाही वाटलं. लिहून ठेवते की वाटलं.

१२ डिसेंबर

आज ह्यांनी पाटी माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, "त्या दुपारी काय आलं ते लिही. जसंच्या तसं." मुलगा गेल्यापासून हे ओरडत नाहीत, इतकं हळू बोलतात की मलाच कान द्यावा लागतो.

मी लिहिलं. 'लांबचीत थोडं पाणी आलंय. पंप चालू आहे. काळजीचं कारण नाही.'

ह्यांनी पाटी उचलून दोनदा वाचली. मग म्हणाले, "हे त्याचं बोलणं नाही."

मी खुणेने विचारलं, म्हणजे?

"'थोडं' हा शब्द त्याच्या तोंडात नव्हता. मी आठ वर्षं त्याचे निरोप घेतलेत. पाणी कुठवर आलं ते सांगायचा, गुडघ्याला आलं, कमरेला आलं. आणि काळजीचं कारण आहे की नाही ते कप्तान सांगतच नाही. ते मधला सांगतो." पाटी पुसून माझ्या हातात दिली. "त्याचा निरोप तुझ्यापर्यंत आलाच नाही. वाटेतच आहे तो."

मग तो धक्का, ते दोरांचं वेटोळं, नाही नाही म्हणणारी आणि मग डोलणारी मान, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. चार दिवस लपवलेला हात. सेट जुना झालाय, ताई. मला हे सगळं दिसत होतं आणि मी माझ्या धीटपणाचं कौतुक लिहीत बसले होते.

१३ डिसेंबर

दुपारी खोलीत गेले. खिडकीतून मधली दिसते, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. धाकटा सेटच्या केबिनमध्ये पाठमोरा बसला होता. मी सेट लावला.

"मधली, किनारा बोलतोय. पाच तारखेचा लांबचीचा निरोप माझ्याकडे पोचलेला नाही. द्या."

काही नाही. पुन्हा म्हटलं. मग त्याचा आवाज आला, "ताई, मी वर येतो. समोर बसून सांगतो."

"येऊ नकोस. माझं तोंड बघितलंस की पुन्हा गाळून सांगशील. तिथूनच दे. शब्दाला शब्द."

त्याने खिडकीकडे वळून पाहिलं नाही. मग त्याने द्यायला सुरुवात केली आणि मी एकेक वाक्य परत म्हणत गेले, नियमाप्रमाणे.

"'मामा, पाणी इंजिनाच्या वर आलंय. पंप बंद. बुडतोय. लाँच मागवा.'"

"'मामा, पाणी इंजिनाच्या वर आलंय. पंप बंद. बुडतोय. लाँच मागवा.' पुढे."

"'आईला माझं नाव सांगू नका. दुसरी कुठली बोट म्हणून सांगा. ती घाबरणार नाही आणि साहेबांना नीट सांगेल.'"

मी परत म्हटलं. माझं लेकरू बुडता बुडता यातूनसुद्धा वाट काढत होतं. दुसऱ्या कुणाच्या बोटीसाठी मी अर्ध्या मिनिटात फोन केला असता. साहेब अर्ध्या मिनिटात निघाले असते.

"मग तसं का नाही सांगितलंस?" हे नियमात बसत नाही, तरी विचारलं.

"लांब आपलीच एकटी होती ना, ताई. कुणाचं नाव घेतलं असतं तरी तू ओळखलं असतंस. मागच्या वेळी तुझं काय झालं होतं ते त्याने मला सांगितलं होतं. तुला काही थेट सांगायचं नाही असं वचन घेतलं होतं माझ्याकडून. मला वाटलं, मीच पोचतो. तासाभराचा तर रस्ता. एकदा त्याला दोर लावला की मग तुला सांगू हसत हसत."

"पुढे."

"ताई, पुढचं नको."

"पुढे."

"त्याने विचारलं, 'मामा, लाँच निघाली का?'"

"'मामा, लाँच निघाली का?' पुढे."

"मी म्हणालो, निघाली."

हे वाक्य मला परत म्हणता येईना. पण अर्धा निरोप घेऊन उठता येत नाही. शेवटी म्हटलं. "'मी म्हणालो, निघाली.' पुढे."

"तो म्हणाला, 'बरं. मग थांबतो.'"

"'बरं. मग थांबतो.'"

"संपलं, ताई."

मागे चाहूल लागली म्हणून पाहिलं. सून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, हातमोजे ओले, बर्फाचे कण तसेच. ती किती वेळ तिथे होती मी विचारलं नाही. मी एकेक वाक्य मोठ्याने परत म्हटलं होतं, तेव्हा तिने सगळं ऐकलंच असणार. पहिल्यांदाच तिला माझ्याकडून काही न गाळलेलं मिळालं.

ती आत येऊन खाली भिंतीला टेकून बसली आणि मग रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला त्या क्षणी धाकट्याचा इतका राग आला की खिडकीतून उडी मारून त्याचा गळा धरावासा वाटला. आणि लगेच हेही कळलं की त्याला हे करायला मीच शिकवलं. मी त्या दिवशी ओरडत सुटले नसते तर मुलाने माझे कान बंद केले नसते. लाँच येतेय म्हणून मुलगा थांबला, सगळं ठीक म्हणून मी थांबले, आणि दोघांनाही थांबवणारा एकच माणूस, आणि तो आमच्यावर माया करणारा.

उद्या बंदर खात्याच्या साहेबांसमोर हे सगळं म्हणणार आहे. माझं झालेलं हसं, साहेबांना दिलेला आराम, मिठाची थट्टा, सगळं. धाकट्याचं वाक्यही. त्याची बोट जाईल, कदाचित त्यालाही नेतील. भावजय आणि तिची पोरं माझ्या दारात येऊन बसतील. म्हणू देत चिटणीसांना दात आणि ओठ.

मी खोलीतच बसून लिहिते आहे. 'मिळालं' म्हणायचं राहिलंय. तोंडाशी आलं, पण म्हटलं नाही. ते म्हटलं की तो सेटसमोरून उठेल, हातपाय धुवेल, कुणीतरी त्याला जेवायला घालेल.

सेटमधून त्याचा आवाज येतोय. "किनारा, मिळालं का?" आता ताई म्हणत नाही. थोडं थांबतो आणि परत विचारतो.

सून म्हणाली, "आई, द्या ना उत्तर. सोडा त्यांना."

मी म्हटलं, "उद्या देईन. चौकशीच्या खोलीत, सगळ्यांसमोर."

खिडकीतून तो अजून पाठमोरा दिसतो. अजून विचारतो आहे.